आधी पर्मनंट हो, मग बोल

पिंपळे गुरवात पहाटे सहाच्या आधीच रस्ता जागा होतो. काटेपुरम चौकात, सृष्टी चौकात कंपन्यांच्या बसची वाट बघत पोरं उभी असतात. पाठीला सॅक, गळ्यात ओळखपत्र, पायात सेफ्टी शूज. कुणी चाकणला निघालेला, कुणी भोसरी एमआयडीसीत. थोड्या वेळाने त्याच रस्त्यावरून हिंजवडीची गर्दी निघते, लॅपटॉपच्या बॅगा घेऊन. सोलापूर, लातूर, धाराशिव, बीड, जळगावकडून आलेली ही मुलं इथल्या तीनमजली घरांच्या वरच्या खोल्यांत कॉट बेसिसवर राहतात. नोकरी धरायची, टिकवायची, हातात कसब आणायचं ते याच वयात. आपलं मन कुणाकडे ओढ घेतं हे कळून ते स्वतःशी कबूल करायचं वयही हेच.

ज्या मुलाला मुलगा आवडतो, ज्या मुलीला मुलगी आवडते, त्यांच्या आयुष्यात या दोन गोष्टी एकमेकींत अडकतात. त्याबद्दल या भागात ऐकू येणारी दोन मतं मी खाली दोघांच्या तोंडी घातली आहेत. मामा पिंपरीतल्या एका वाहन कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळ बार्शीकडचे, वरच्या मजल्यावरच्या खोल्या भाड्याने देणारे. भाची चाकणमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत एचआरला. दोघं रचलेली आहेत. त्यांचा वाद मात्र रचलेला नाही.

मामा : मग तू त्याला काय सांगितलंस?

भाची : अजून काहीच नाही. ठेकेदाराकडून आलेला मुलगा आहे. लाईनवरची पोरं त्याच्या चालण्या-बोलण्यावरून टोमणे मारतात. कॅन्टीनमध्ये तो ताट घेऊन बसला की शेजारचे दोघं-तिघं उठून जातात. तो मला विचारत होता, मी गे आहे हे सुपरवायझरला सरळ सांगून टाकू का? निदान आडून बोलणं तरी थांबेल.

मामा : कोण गं? आपल्या वरच्या खोलीतला तर नव्हे?

भाची : नाव मी सांगणार नाही. तुम्ही अंदाजही बांधू नका, मामा.

मामा : बरं, राहिलं. पण त्याला म्हणावं, तोंडातून शब्द काढू नकोस. सगळी उमर कारखान्यात गेली माझी. कॉन्ट्रॅक्टवर असणं म्हणजे काय ते मला विचार. दोनशे चाळीस दिवस भरत आले की ब्रेक देतात. ब्रेकनंतर कुणाला परत घ्यायचं ते ठेकेदाराचा माणूस ठरवतो. त्याला कारण द्यावं लागत नाही. ‘पोरगं जरा तसलं आहे’ एवढं कुणी कानात सांगितलं की यादीतून नाव गेलं. आधी पर्मनंट हो, मग काय बोलायचं ते बोल.

मामांचं हे बोलणं मागासलेलं म्हणून झटकून टाकता येत नाही. पगार बंद झाला की खोलीचं भाडं थकतं, खानावळीचा डबा बंद होतो आणि गावाकडची एसटी धरावी लागते. गावाकडे परत जाणं म्हणजे या मुलासाठी सगळ्यात अवघड जागी परत जाणं. शहरात मिळणारी मोकळीक पगारावर उभी असते, हे मामांना पक्कं ठाऊक आहे. शहाणपणाचा सल्ला देणाऱ्या पुष्कळ सुशिक्षितांना ते ठाऊक नसतं.

भाची : पण मामा, आता पर्मनंट होतात किती? माझ्या लाईनवर बघा. ट्रेनी, अप्रेंटिस, नाहीतर ठेकेदाराचे. आणि समजा झालाच पर्मनंट. कन्फर्मेशनचं पत्र हातात पडल्यावर गावाकडून पहिला फोन कशाचा येतो?

मामा : स्थळाचा. मग? आईबापांनी बघू नये की काय?

भाची : बघावं. पण तुम्ही म्हणता ना, तिथे पोचल्यावर तो मोकळेपणानं बोलेल, तिथेच त्याची खरी कोंडी सुरू होते. कॉन्ट्रॅक्टवर असेपर्यंत त्याच्याकडे निमित्त तरी असतं, ‘अजून सेटल झालो नाही’ म्हणून. पत्र आलं की ते निमित्तही गेलं.

आपल्याकडे नोकरी आणि लग्न एकाच कागदावर लिहिलेली असतात. मुलाच्या बायोडाटात जन्मवेळेच्या खाली कंपनीचं नाव येतं आणि ‘पर्मनंट’ हा शब्द ठळक अक्षरात छापला जातो. त्यामुळे ज्याला मुलीशी लग्न करायचंच नाही त्याच्यासाठी नोकरीतली प्रत्येक पायरी धोक्याची होते. पगार वाढला की घर बघा म्हणतात. घर घेतलं की मुलगी बघा. अशी मुलं मग टीम लीडरची जागा नाकारतात, कारण त्या जागेवर गेलं की साहेबांच्या घरच्या पूजेला जोडीनं यायचं आमंत्रण येतं. किंवा कुणी चौकशी करू लागलं की कंपनीच बदलतात. कागदावर ते ‘अस्थिर उमेदवार’ दिसतात. दर सोमवारी ‘सुट्टीत काय केलंस’ या साध्या प्रश्नाला एक खोटं उत्तर तयार ठेवायचं, आणि मागच्या सोमवारी काय सांगितलं होतं तेही लक्षात ठेवायचं. यात जी शक्ती जाते ती कुठल्याच अप्रेझलमध्ये मोजली जात नाही.

मुलींचं आणखी वेगळं. मुलासाठी नोकरी लग्नाचं दार उघडते. मुलीसाठी तीच नोकरी लग्न पुढे ढकलायचा, घरच्यांना पटणारा एकमेव उपाय असतो. ‘अजून एक वर्ष काम करू दे.’ वायरिंग हार्नेसच्या लाईनवर उभ्या राहून काम करणारी मुलगी त्या एका वर्षासाठी ओव्हरटाइम करते. तिने नोकरीबद्दल कधी तक्रार केली नाही म्हणून ती समाधानी आहे असं समजणाऱ्या मॅनेजरला तिची निकड कळलेलीच नसते. आणि उघड झालं तर काय होतं, याचा एक जुना दाखला आहे. डिसेंबर १९८७ मध्ये मध्य प्रदेशातल्या लीला आणि ऊर्मिला या दोन महिला पोलीस शिपायांनी एकमेकींशी लग्न केलं. त्यांना नोकरीतून काढून टाकण्यात आलं.

मामा : हे बघ, लपवणं काय नवीन आहे? मी इथे आलो तेव्हा खोली मिळेना. आडनाव सांगितलं की घरमालकीण म्हणायची, खोली कालच गेली. मग मी आडनाव सांगायचं सोडलं. कारखान्यातही पहिली काही वर्षं गावाचंच नाव सांगत होतो, आडनावाच्या जागी. गप्प राहिलो, काम शिकलो, टर्नरचा फोरमन झालो. हे घर बांधलं. गप्प राहण्यानं माझं काय बिघडलं?

भाची : ते तुम्ही मला आज पहिल्यांदा सांगताय, मामा.

मामा : सांगण्यासारखं काय आहे त्यात?

भाची : एवढी वर्षं सांगितलं नाहीत, यातच किती बिघडलं ते दिसतं. पण त्याहून मोठा फरक एक आहे. तुम्ही कारखान्यात आडनाव गिळलंत, पण संध्याकाळी घरी आलात की आजी होती, मामी होती, वस्तीतली माणसं होती. सगळी तुमच्याच आडनावाची, तुमचंच दुःख माहीत असलेली. चौदा एप्रिलला तुम्ही सगळे मिळून मिरवणुकीत जात होता. या मुलाला घरीसुद्धा त्याच्यासारखं कुणी नाही. कारखान्यात लपवतो आणि घरी गेल्यावर जास्त लपवतो. तुमचं लपवणं पाळी सुटली की सुटायचं. त्याची पाळी सुटत नाही.

मामा : (थोड्या वेळाने) हे मी असं धरलं नव्हतं.

या वादातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हाच मुद्दा. आपण लैंगिक कलाची तुलना इतर भेदांशी करतो आणि बहुतेक वेळा ती बरोबरही असते. पण जातीचा, धर्माचा, भाषेचा भेद सोसणाऱ्या मुलाला त्याचे आईबाप निदान सांगू शकतात, ‘बाहेर असं बोलतील, तू असं उत्तर दे.’ समलैंगिक मुलाला हे शिकवणारं घरात कुणीच नसतं. करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरात मुलाखतीला शर्ट कोणता घालावा ते सांगतात. एचआरने ‘लग्नाचं काय ठरलंय?’ विचारलं तर काय बोलावं, ते कुणी सांगत नाही. या मुलांना नोकरीच्या आधी एखादा मोठा माणूस हवा असतो, जो यातून गेलेला आहे. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि मराठीत या विषयावर सातत्याने पुस्तकं लिहिली, त्याचं मोल इथे कळतं. एका पिढीला आपल्या भाषेत आपलं नाव वाचायला मिळालं.

मामा : पण हे सगळं गरिबाचं, कॉन्ट्रॅक्टवाल्याचं. शिकलेल्या, मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाला कोण हात लावतंय?

भाची : श्रीनिवास रामचंद्र सिरस हे नाव ऐकलंय? नागपूरकडचे, मराठीचे प्राध्यापक. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे, आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. ‘पायाखालची हिरवळ’ या त्यांच्या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळालेला. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री कॅमेरा घेऊन माणसं त्यांच्या घरात घुसली, एका पुरुषाबरोबर त्यांचं चित्रीकरण केलं. दुसऱ्या दिवशी विद्यापीठानं घुसणाऱ्यांना सोडून यांनाच निलंबित केलं. राहतं घर सोडायला लावलं. निवृत्तीला काही महिने उरले होते.

मामा : तेव्हा तो गुन्हा होता ना?

भाची : नव्हता. २ जुलै २००९ लाच दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं होतं की दोन सज्ञान माणसांनी खासगीत, संमतीनं केलेली गोष्ट गुन्हा नाही. सिरस अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले. १ एप्रिलला न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले.

मामा : म्हणजे कायदा बाजूनं असूनही. मग माझंच खरं झालं की. गप्प राहावं.

भाची : ते गप्पच होते, मामा. त्यांनी कुणाला जाऊन सांगितलं नव्हतं. आपल्या घरात, दार लावून होते. गप्प राहणं त्यांना वाचवू शकलं नाही.

मामा : ते झालं २०१०. आता बदललंय.

भाची : बदललंय, खरं आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ३७७ कलमातला, अशा संमतीच्या संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग काढून टाकला. पण ज्येष्ठ वकील सौरभ कृपाल यांचं बघा. दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून त्यांचं नाव सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमनं नोव्हेंबर २०२१ मध्ये सुचवलं. सरकारनं आक्षेप घेतले, त्यात त्यांचं समलैंगिक असणं होतं. जानेवारी २०२३ मध्ये कॉलेजियमनं नाव पुन्हा पाठवलं आणि लिहिलं की ते उघडपणे बोलतात ही त्यांच्या श्रेयाची गोष्ट आहे. तरीही नेमणूक अडकूनच राहिली. न्यायाधीशाच्या खुर्चीपर्यंत हे असं चालतं, तर माझ्या लाईनवरच्या मुलानं कुणाकडे जायचं?

हा ‘कुणाकडे जायचं’ कारखान्यातला अगदी रोकडा प्रश्न आहे. त्याचं उत्तर बहुतेकांना वाटतं त्याहून तोकडं आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तक्रारदार म्हणून फक्त स्त्रीला ओळखतो. पुरुष कामगाराला दुसऱ्या पुरुषांनी त्याच्या बायकी चालण्यावरून छळलं तर त्या कायद्याखालची तक्रार समिती त्याच्यासाठी नाही. तृतीयपंथी आणि पारलिंगी व्यक्तींसाठी २०१९ चा कायदा आला. त्याने नोकरी देताना, बढती देताना भेदभाव करायला प्रत्येक आस्थापनेला मनाई केली आणि तक्रार अधिकारी नेमायला सांगितलं. त्यात समलैंगिक स्त्री-पुरुषांचं नाव नाही. २०१८ च्या निकालाने गुन्हा पुसला, आणि राज्यघटनेचं समानतेचं संरक्षण सरकारविरुद्ध मिळतं असं सांगितलं. खासगी कंपनीने ‘तू गे आहेस म्हणून नको’ म्हटलं तर तिला थेट अडवणारं कलम नाही. गंमत बघा, कॉलेजात याच मुलाला संरक्षण होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ पासून लैंगिक कलावरून केलेला छळ रॅगिंग धरला जातो. डिग्री हातात आली, कारखान्याच्या गेटमधून आत गेला, की ते संरक्षण बाहेर राहतं.

मामा : पण आपल्या महापालिकेनं केलं की. पिंपरीच्या इमारतीत मी स्वतः बघितलंय, तृतीयपंथी सुरक्षारक्षक उभ्या असतात. गणवेशात. लोक पहिले काही दिवस वळून वळून बघायचे, आता कुणी बघत नाही. आणि बीडचे ते पोलीस शिपाई, ललित साळवे. बाईचे पुरुष झाले, खात्यानं नोकरीत ठेवलंच ना?

भाची : ठेवलं. पण आधी रजा नाकारली, मग त्यांना हायकोर्टाचं दार ठोठावावं लागलं, मग २०१८ मध्ये परवानगी मिळाली. महापालिकेचं तुम्ही बरोबर बोललात. मला तेच आवडतं. २०२२ मध्ये त्यांनी सुरक्षारक्षक म्हणून, ग्रीन मार्शल पथकात तृतीयपंथीयांना घेतलं. पन्नाशी ओलांडलेल्यांना महिना तीन हजार रुपये पेन्शन ठरवली. तिथे आधी संस्थेनं पाऊल टाकलं. ‘तू आधी धैर्य दाखव, मग आम्ही बघू’ असं म्हटलं नाही.

मामा : तेच मी म्हणतो. सुरुवात होते.

भाची : होते. पण गेटवर उभं राहणं ही नोकरी झाली. त्या गेटवरून पाच वर्षांनी कुठे जाणार, सुपरवायझर कधी होणार, हे ठरलं तर त्याला करिअर म्हणायचं.

मामांनी नजरेस आणून दिलेली गोष्ट भाचीच्या शेऱ्यापेक्षा मला मोठी वाटते. ‘आता कुणी बघत नाही.’ माणसं भाषणांनी बदलतात त्याहून रोज समोर दिसणाऱ्या गणवेशाने जास्त बदलतात. महापालिकेत घरपट्टी भरायला गेलेल्या किती मामांनी आयुष्यात पहिल्यांदा एका तृतीयपंथी व्यक्तीला ‘मॅडम, कुठली खिडकी?’ असं विचारलं असेल. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी वेगळा पर्याय ठेवायला सरकारला भाग पाडलं, तेही याच वाटेवरचं पाऊल. मात्र समलैंगिक मुलगा गणवेशात वेगळा दिसत नाही. त्याच्या बाबतीत संस्थेने पाऊल टाकायचं ते कागदावर. गोदरेजने २०१८ मध्ये पारलिंगी व्यक्तींना सामावून घेण्याचा जाहीरनामा काढला. ॲक्सिस बँकेने सप्टेंबर २०२१ मध्ये कर्मचाऱ्याच्या समलिंगी जोडीदाराला मेडिक्लेममध्ये जागा दिली. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत जून महिन्यात सप्तरंगी झेंडे लागतात. चाकणला ठेकेदाराच्या मस्टरपर्यंत यातलं काहीच पोचलेलं नाही. एकाच इमारतीत राहणाऱ्या दोन मुलांपैकी एकाला जोडीदाराचा विमा मिळतो. दुसऱ्याला त्याच्याबरोबर राहणाऱ्या माणसाचं नाव ईएसआयच्या कार्डावर लिहिता येत नाही, कारण तिथे जोडीदार म्हणजे नवरा किंवा बायकोच. समलिंगी विवाहाला सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मान्यता मिळाली नाही, त्यामुळे ते दार तूर्त बंद आहे.

मामा : मग आता तू त्या पोराला काय सांगणार?

भाची : सुपरवायझरला सांगू नको, असंच. तुमचं तेवढं मला पटलं. सांगायचं की नाही, कधी, कुणाला, हे त्याचं त्यानं ठरवायचं. कंपनीनं त्याच्या तोंडून ते काढून घ्यायचं नाही. पण टोमणे मी थांबवणार. त्यासाठी त्याचं नाव पुढे करायची गरजच नाही. लाईनवर कुणालाही त्याच्या चालण्या-बोलण्यावरून, लग्न न करण्यावरून छेडलं तर ती बेशिस्त आहे, हे मी टूलबॉक्स टॉकमध्ये सगळ्यांना सांगणार. ठेकेदाराच्या माणसांनाही.

मामा : साहेब ऐकतील?

भाची : तोंडी सांगून नाही ऐकणार. लेखी घ्यावं लागेल.

मामा : (हसून) फोरमन असताना मी पण हेच म्हणायचो.

भाची : एक विचारू? वरच्या खोलीत उद्या दोन मुलं राहायला आली, आणि तुम्हाला कळलं की ती जोडी आहे, तर?

मामा : भाडं वेळेवर दिलं तर मी काही विचारणार नाही.

भाची : आणि समोरच्यांनी तुम्हाला विचारलं तर?

मामा : ते मला अजून सांगता येत नाही, बाळ. खोटं कशाला बोलू?

मामांना मी याहून पुढे नेलं नाही, कारण या भागातला प्रामाणिक माणूस आज इथवरच आलेला आहे. समोरच्यांना काय उत्तर द्यायचं हे त्यांना सुचेल तेव्हा सुचेल. कंपन्यांना मात्र थांबायचं काही कारण नाही. चाकण, भोसरी, तळवडे, रांजणगावच्या एचआर विभागांना आणि कामगार संघटनांना माझी विनंती आहे. तुमच्या बेशिस्तीच्या नियमांत जात, धर्म, लिंग यांच्या ओळीत ‘लैंगिक कल आणि लिंगओळख’ हे शब्द घाला, आणि तीच ओळ ठेकेदाराशी होणाऱ्या करारातही घाला. छळाची तक्रार पुरुष कामगारालाही करता येईल अशी एक समिती नेमा. त्यासाठी नव्या कायद्याची वाट बघावी लागत नाही. मुलाखतीत लग्नाचा प्रश्न विचारणं आजपासून बंद करा. आणि पुढचा करार वाटाघाटीला येईल तेव्हा संघटनेच्या मागणीपत्रात ही ओळ पगारवाढीच्या खाली तरी लिहिलेली असू द्या.